बुधवारची ऊब

शेगडी कशी पेटवायची हे मला कुणी शिकवायला येऊ नका. गेला सबंध हिवाळा मी दुसरं केलंय काय? खाली कागदाचे बोळे, त्यावर ह्यांनी कारखान्यातून आणलेल्या ढलप्या, त्यावर कोळसा. धूर नळीतून नीट वर जायला लागला की खालचं झाकण अर्धं लावायचं. सताड उघडं ठेवलं तर कोळसा भराभर संपतो, पूर्ण लावलं तर विझतो. आमची नणंद फोनवर सांगायची, "वहिनी, मेणबत्त्यांवर मातीची कुंडी पालथी घाल, खोली मस्त तापते. व्हिडिओ पाठवलाय बघ." तिच्या घरी भिंतीतून गरम पाण्याच्या नळ्या फिरतात. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! तरी मी कुंडी करून बघितली. कुंडी तापली. खोली होती तशीच राहिली.

आमचं घर तळमजल्यावर, ओळीतलं शेवटचं. म्हणजे दोन भिंती उघड्यावर, आणि वारा आधी आमच्याकडे येणार, मग उरला तर शेजाऱ्यांकडे. खोल्या तीन. त्यातल्या दोन आम्ही थंडी सुरू झाली की बंद करायचो आणि सगळा संसार शेगडीच्या खोलीत आणायचो. स्वयंपाक तिथेच, झोप तिथेच, कपडे वाळत घालायचे तेही तिथेच. आमचे हे दारं-खिडक्यांच्या कारखान्यात सुतार. ह्यांच्या हातच्या खिडक्या गावभर बसल्यात, त्यातून आत शिरायची वाऱ्याची टाप नाही. आणि आमच्या खिडकीच्या फटीतून भाजीची सुरी आरपार जाते. मी म्हणायचे, "अहो, एक खिडकी आपल्यालाही करा की." हे म्हणायचे, "लाकूड काय माझ्या बापाचं आहे?"

बापाचं नव्हतंच. बाप, म्हणजे माझे सासरे, उभा जन्म एका मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलरवर होते. दिवसभर आगीसमोर. त्यांना थंडी माहीतच नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा भर हिवाळ्यात बाबा नुसत्या बनियनवर अंगणात दाढी करत बसलेले मी पाहिलेत. म्हातारपणी सगळं उलटं झालं. छातीनं दगा दिला, डोकंही मधूनमधून वाट चुकायला लागलं, आणि थंडी तर अशी मागे लागली की पायात तीन-तीन मोजे घातले तरी "पाय कुठे गेले माझे?" म्हणून विचारायचे.

हिवाळ्याच्या तोंडाशी ते हॉस्पिटलात होते. घरी आणलं त्या दिवशी उंबऱ्यातच थांबले, ह्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "आता मला इथून हलवू नकोस. जे काय व्हायचं ते माझ्या घरात होऊ दे." ह्यांनी शब्द दिला. डोळ्यात पाणी आणून दिला. त्या शब्दापायी पुढचं सगळं घडलं.

हॉस्पिटलातून आठवड्याला एकदा सिस्टर घरी यायची, छाती तपासायला, औषधं बघायला. तिचा वार बुधवार. आता योगायोग बघा, बाबांचा आंघोळीचा वारही बुधवारच. आजाऱ्याला आंघोळ घालायची म्हणजे खोली तापवावीच लागते, म्हणून त्या दिवशी आम्ही सकाळपासून शेगडीत सढळ हातानं कोळसा घालायचो. बाकीचे दिवस हात आखडता. सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा, तेवढ्यावर भागवायचं.

पहिल्यांदा सिस्टर आली तेव्हा बाबा नुकते न्हाऊन, भांग पाडून बसलेले. गाल लाल. ती आत आली, हातमोजे काढले, शेगडीपुढे हात धरले आणि म्हणाली, "अगंबाई, काय छान ऊब आहे! नाहीतर कुठेकुठे घरात पाऊल टाकलं की तोंडातून वाफ निघते. तसं दिसलं की मला ऑफिसात कळवावं लागतं."

हे माझ्याकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे. आमच्या दोघांच्याही डोक्यात एकच. आदल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या आजीबद्दल असंच कुणीतरी ऑफिसात कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी आली, आजीला गावाबाहेरच्या म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. आजी काही परत आली नाही. तिचं सामानच तेवढं खाली आलं, दोन पिशव्यांत.

सिस्टर गेल्यावर हे म्हणाले, "ऐकलंस ना? बुधवारी खोली तापलेली पाहिजे. काहीही करून."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस आपण आहोत की."

झालं. तेव्हापासून आमच्या घरात आठवडा बुधवारपासून सुरू व्हायचा आणि बुधवारपाशीच येऊन थांबायचा. कोळसा बाजूला काढून ठेवायचा तो बुधवारसाठी. कोरड्या ढलप्या बुधवारसाठी. ओल्या, गाठीच्या, नीट न पेटणाऱ्या आमच्यासाठी. कारखान्यात प्लायचे तुकडे हवे तेवढे पडलेले असायचे, पण त्यातल्या गोंदाचा धूर असा घशाला लागतो की बाबांच्या छातीचं वाटोळंच झालं असतं. त्यातून त्या हिवाळ्यात कारखान्याला कामच नाही. ह्यांची अर्धीच पाळी. वखारवाला आधी उधार द्यायचा, मग त्यानंही तोंड फिरवलं. मी वखारीतला तळाचा कोळशाचा चुरा झाडून आणायचे, मातीत कालवून त्याचे गोळे वळायचे. गोळे पेटायचे कमी आणि रुसायचे जास्त.

पण मी काही हात बांधून बसणारी बाई नाही. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. पडद्याच्या जाड अस्तराच्या पट्ट्या उरतात, त्या मी सुरीनं खिडकीच्या फटीत खुपसल्या. लांब नळ्या शिवून त्यात ह्यांच्या कारखान्यातला लाकडाचा भुसा भरला आणि दारांच्या खाली आडव्या टाकल्या. हे त्यांना अजगर म्हणायचे. बाबांच्या खाटेमागच्या भिंतीला खोक्यांचे पुठ्ठे लावले, गादीखाली वर्तमानपत्रं घातली. रंगात चुकलेला एक भलामोठा पडदा मालकिणीनं फेकायला काढला होता, तो मागून आणला आणि खाटेभोवती चारी बाजूंनी टांगला. आत बाबा, त्यांच्या पायाशी गरम पाण्याच्या बाटल्या, पोटाशी फडक्यात गुंडाळलेली तापवलेली वीट. डोक्याला टोपी, हातात मोजे. जेवण भरवायला पडदा बाजूला केला की ते म्हणायचे, "काय, सुरू झालं का नाटक?"

आणि बुधवारी सकाळी हे सगळं लपवायचं. बाटल्या मोरीत, विटा पलंगाखाली, पडदा घडी करून कपाटात, अजगर दोन्ही बंद खोल्यांत ढकलून द्यायचे. पुठ्ठ्यांपुढे चादर टांगायची. पाहुणे येणार असले की पसारा आवरतात ना, तसं आम्ही दारिद्र्य आवरायचो. दुपारपर्यंत खोली अशी तापायची की हे स्वेटर काढून बसायचे. बाबा न्हायचे, दोन घास जास्त जेवायचे, जुन्या गोष्टी सांगायचे. सिस्टरनं पाहिलेले बाबा ते एवढेच, बुधवारचे.

तीही रमायची बिचारी. दिवसभर जिने चढून-उतरून आलेली. आमच्याकडे टेकायची, चहा घ्यायची, म्हणायची, "तुमच्याकडे आलं ना, की बरं वाटतं बघा. काळजी घ्यावी तर तुमच्यासारखी." मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं! आणि हे? ह्यांची मान ताठ. जणू खरंच घेतोय काळजी. तसं म्हटलं तर घेतच होतो म्हणा.

गुरुवारी बाबा विचारायचे, "पाळी कुणाची आहे रे? वाफ का उतरली?"

"कोळसा यायचाय, बाबा."

"साहेबाला सांगा. असं बॉयलर गार ठेवतात का?"

एकदा मात्र त्यांनी मला जवळ बोलावलं आणि चोरून सांगावं तसं हळू म्हणाले, "सूनबाई, इन्स्पेक्टर यायच्या दिवशी आम्हीही असंच करायचो. घासूनपुसून लख्ख. काटा बरोबर जागेवर. तो गेला की पुन्हा आपलं तेच." आणि डोळा मारला. मला हसू आलं खरं, पण तेवढ्यापुरतंच. ज्याचं डोकं चालत नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो, त्याला तर सगळं कळत होतं.

त्या दिवशी मी ह्यांच्याशी भांडले. "अहो, सांगून टाकू सिस्टरला. बाई चांगली आहे. काही मार्ग काढेल."

"तोंड उघडशील तर खबरदार!"

"का? काय होईल?"

"गाडी येईल, दुसरं काय होणार? आणि मी काय सांगू लोकांना? की स्वतःच्या बापाला गारठवतोय म्हणून?"

इथेच तर घोडं पेंड खात होतं. गाडीची भीती होतीच, पण तिच्यापेक्षा ह्यांना नाकाची जास्त. जन्मभर दुसऱ्यांची दारं बंद करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला वारा कबूल करवत नव्हता. मी मग गप्प बसले. मलाही काय नाक नाही?

पुढे थंडीनं कहरच केला. बंद खोल्यांतल्या काचांवर आतून बर्फ धरायला लागला. बादलीतलं पाणी सकाळी फोडून घ्यावं लागायचं. वखारवाल्यानं भाव असा चढवला की त्याला शिव्या घालत मी अर्धीच पिशवी घेऊन आले. ती सगळी बुधवारची. बाकीच्या दिवसांना फक्त संध्याकाळची शेगडी उरली, तीही गोळ्यांवर. बाबा खोकायला लागले. आधी सुका, मग आतून ओढून काढल्यासारखा. सोमवारी मी त्यांचा हातमोजा बदलायला गेले तर बोटांची टोकं निळसर. चोळून चोळून माझे तळवे दुखले. मी रडत होते आणि ते मला म्हणत होते, "अगं, असू दे. सांजच्याला पेटवशील ना?"

बुधवारी सिस्टर आली. हेही घरी होते, त्यांची पाळी तर आता नावालाच राहिली होती. शेगडी लाल झालेली. सिस्टरनं नळी बाबांच्या छातीला लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. तिच्या कपाळाला आठ्या.

"आवाज अजिबात चांगला नाही. खोली एवढी गरम, औषधं वेळेवर, मग असं कसं झालं?"

मी शेगडीचं झाकण उगाच पुढेमागे केलं. तिनं औषध बदललं, मला दोनदा समजावलं, आणि जायला उठली. हातमोजे चढवत होती तेवढ्यात बाबांनी तिचा पदर धरावा तशी तिच्या कोटाची कड धरली.

"बाई, तुम्ही रोज येत जा."

ती हसली. "का हो आजोबा? इतकी आवडले मी?"

"तुम्ही आलात की हे पेटवतात."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. हे काहीतरी बोलायला गेले, "बाबांचं आता डोकं जरा..." आणि मधेच थांबले. सिस्टरचं हसू गेलं होतं. तिनं खाटेमागची चादर बाजूला केली, पुठ्ठा उचकटला आणि भिंतीला हात लावला. मग सरळ जाऊन शेजारच्या खोलीचं दार उघडलं. दारामागचे अजगर तिच्या पायात आले. काचेवरचा बर्फ तिनं नखानं खरवडून बघितला. तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"बाकीचे दिवस कसे काढता?" परत येऊन तिनं विचारलं. ह्यांना नाही, मला.

मी सगळं सांगितलं. बाटल्या, विटा, पडदा, आजीची गाडी, सगळं. सांगताना उलट बरं वाटत होतं. ती रागावेल, ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ती मटकन स्टुलावर बसली.

"अहो, कळवावं लागतं ते कोळशासाठी! घरात आजारी माणूस आणि खोली गार असेल तर ऑफिसातून दर आठवड्याला गोणी पोचवतात. मी या हिवाळ्यात कितीजणांना मिळवून दिली. आणि तुमच्याकडे येऊन शेकत बसले."

"मग त्या आजी?" ह्यांनी विचारलं.

"त्यांना बघायला घरात कुणी नव्हतं, म्हणून नेलं त्यांना. तुम्ही मला एका शब्दानं विचारायचंत तरी!"

हे खाली बघत राहिले. मी तरी कुणाच्या तोंडाकडे बघणार होते? सबंध हिवाळा ज्या बाईपासून लपवलं, तिच्याच हातात कोळसा होता. आम्ही तिला चहा पाजून, गोड बोलून परत पाठवत होतो.

गोणीसाठी आजच सांगते, ती म्हणाली. पण बाबांना आता घरी ठेवता येणार नव्हतं. छाती भरली होती. गाडी त्याच दुपारी आली. बाबांना उचललं तेव्हा त्यांनी खाटेचा दांडा धरला. म्हाताऱ्याच्या हातात एवढं बळ कुठून आलं देव जाणे. "शब्द दिलास ना रे! शब्द दिलास ना!" ह्यांनीच त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मी भिंतीकडे तोंड केलं. ते दृश्य माझ्याच्यानं बघवलं नाही.

गोणी आली. दर आठवड्याला यायला लागली. पावतीवर नाव बाबांचं, सही आमची. हे वेड्यासारखे शेगडीत कोळसा घालायचे, सकाळ-संध्याकाळ. भिंती कोरड्या झाल्या. पुठ्ठे काढून टाकले. ह्यांनी कारखान्यातल्या मुकादमाच्या हातापाया पडून लाकूड मिळवलं आणि बाबांच्या खाटेजवळची खिडकी नवी बसवली. मी तिला सुरी लावून बघितली, पातं शिरलं नाही. हे दिवसातून दहादा म्हणायचे, "आता बाबा आले ना, की बघ." मीही म्हणायचे, "हो हो, बघू की." त्या दिवसांत आम्ही कितीतरी दिवसांनी एकमेकांशी नीट बोललो.

बाबांना नेलं होतं तो गावाबाहेरचा दवाखाना बघून आले तर मला वाटलं होतं तसा तो नव्हता. लांबलचक खोली, ओळीनं खाटा, आणि खिडक्यांखाली गरम पाण्याच्या जाडजूड नळ्या. बाबांची खाट अगदी त्यांच्याजवळ. त्यांनी तिथल्या बॉयलरवाल्याशी ओळखही करून घेतली होती. खोकला उतरत गेला. बोटांचा रंग परत आला. एका शनिवारी डॉक्टर म्हणाले, हवं तर घरी न्या, घर गरम असेल तर काही हरकत नाही.

"घर गरमच आहे, साहेब," हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

आम्ही बाबांचा कोट घेऊनच गेलो होतो. मी तो आदल्या दिवशी धुऊन, शेगडीजवळ वाळवून, नवं जाड अस्तर लावून तयार केला होता. हे खाटेवर टेकले, बाबांचा हात हातात घेतला.

"चला बाबा, घरी."

बाबांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. डोळे अगदी साफ होते. "आज वार कुठला?"

"शनिवार."

"मग नको."

"तसं नाही बाबा, आता रोज पेटते शेगडी. सकाळी पण, संध्याकाळी पण. कोळसा भरपूर आहे. नवी खिडकी केलीय मी, तुमच्यासाठी."

बाबांनी समजल्यासारखी मान हलवली. मग खोलीत इकडे-तिकडे नजर टाकली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले होते, तिथली सिस्टर दारापाशी कुणाशी तरी बोलत होती. बाबा ह्यांच्या कानाशी वाकले.

"कुणी ऐकत नाहीये आता. माझ्याशी तरी खरं बोल."

"खरंच सांगतोय, बाबा! तुमची शपथ!" हे रडायला लागले, भर दवाखान्यात, लहान पोरासारखे. "विचारा हिला. बाबा, खरंच पेटते हो!"

मीही सांगितलं. शपथा घातल्या. बाबा ऐकत होते, ओठांवर थोडंसं हसू आणून, इन्स्पेक्टरपुढे सगळं ठीक आहे म्हणणाऱ्या आपल्या जोडीदाराचं ऐकावं तसं. त्यांनी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे रे. तू तरी काय करशील? जमेल तेवढं केलंस." मग हळूच आपला हात सोडवून घेतला आणि तो नळ्यांवर ठेवला. "मला इथेच राहू दे. हलवू नकोस मला इथून."

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ह्यांनी तोंड पुसत सांगितलं, राहू द्या इथेच. कोट माझ्या हातात होता. तो तसाच घडी करून मी परत आणला.